पाणंद, पायवाट आणि पंचायत

तलाठ्याच्या दप्तरातील गावनकाशा उलगडून पाहिला, तर गावठाण, ओढे, विहिरी आणि सर्व्हे नंबरांच्या वेड्यावाकड्या चौकटी यांच्या दाटीत काही तुटक रेषा आढळतात, आणि गावच्या दळणवळणाचा निम्मा इतिहास त्या रेषांत साठलेला असतो. जेथे एकच तुटक रेषा धावते तेथे पायवाट; जेथे दोन तुटक रेषा समांतर जातात तेथे गाडीवाट, पाणंद किंवा शिवेवरचा रस्ता; आणि एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारा रस्ता सलग दुहेरी रेषेने दाखविलेला. महसूल खात्याच्या रूढ परिमाणाप्रमाणे यांतील पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट आणि गावरस्त्याची ३० ते ३५ फूट धरतात. सव्वाआठ आणि साडेसोळा हे आकडे आज कोणास चमत्कारिक वाटतील. परंतु आपल्याकडील जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि सोळा आण्यांची होती, ती एक लांब व एक रुंद टाकली की १०८९ चौरस फुटांचा गुंठा भरे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा उलगडा आपोआप होतो. गाडीवाट ती अर्धी साखळी, म्हणजे आठ आणे. पायवाट ती पाव साखळी, म्हणजे चार आणे. ज्याला आपल्या शेताची वाट किती रुंद असावी याविषयी शंका असेल, त्याने शेजाऱ्याशी हुज्जत घालण्यापूर्वी हा नकाशा एकदा डोळ्यांखालून घालावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हा नकाशा मुळात वाटांसाठी काढलेला नव्हता. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी मोजणी आरंभिली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिच्या पद्धतीस स्थिर रूप आले, तिचा हेतू प्रत्येक नंबराचे क्षेत्र व प्रत ठरवून त्यावर सरकारी आकार बसविणे हा होता. वाट त्यात आली ती जणू मागील दाराने. कारण ज्या जमिनीवर लोक चालतात तीवर पीक येत नाही, आणि जीवर पीक येत नाही तिचा सारा मागता येत नाही. आजही महसुली नियमांत पोटखराबाचे, म्हणजे नंबराच्या पोटातील बिनपिकाच्या जमिनीचे, दोन वर्ग आहेत, आणि त्यांतील ‘ब’ वर्गात, रस्त्याखाली अथवा मान्य पायवाटेखाली गेलेली जमीन मोडते. या नोंदीचे महत्त्व फार मोठे आहे. एखाद्या नंबराच्या पोटात वाटेपायी चार गुंठे ‘ब’ वर्गात लागलेले असले, तर त्या चार गुंठ्यांचा आकार खातेदाराच्या आजोबांनी दिलेला नाही, बापाने दिलेला नाही आणि तोही देत नाही. मग तेवढ्या पट्टीवर नांगर घालण्याचा हक्क तो कोणत्या आधारावर सांगणार? गावोगावचे कितीएक तंटे या एका नोंदीकडे पाहिल्यास निम्म्या वेळात मिटतील. परंतु सातबारा पाहणारे बहुतेक लोक वरची नावे पाहतात, एकूण क्षेत्र पाहतात, बोजा पाहतात, आणि पोटखराबाच्या रकान्याकडे त्यांची दृष्टी क्वचितच वळते.

तथापि, नकाशात नाही ती वाटच नव्हे, असे कोणी समजू नये. मोजणीच्या वेळी जो नंबर एका घराचा होता, तो पुढे चार भावांत वाटला गेला, त्यांच्या मुलांत पुन्हा वाटला गेला, आणि रस्त्याकाठचा तुकडा थोरल्याच्या वाट्यास येऊन ओढ्याकाठचा धाकट्याच्या वाट्यास गेला, की धाकट्याची बैलगाडी थोरल्याच्या बांधावरून जाणे क्रमप्राप्तच असते. भाऊ भाऊ नांदत आहेत तोवर या वाटेचा कागद करण्याची कोणास गरज वाटत नाही. ती केवळ वहिवाटीने चालते. अशा असंख्य वाटा कोणत्याही नकाशावर नाहीत. विदर्भात मध्य प्रांताच्या काळापासून गावोगावच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या नावाच्या दस्तऐवजात नोंदविण्याची चाल होती, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही ती चाल उचलून प्रत्येक गावातील पाण्याच्या, वाटेच्या आणि तत्सम वहिवाटीच्या रूढी जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करून लिहून ठेवाव्यात, अशी योजना केली. कल्पना अत्यंत दूरदर्शी होती. ती ज्या गावी काळजीपूर्वक अंमलात आली त्या गावच्या नातवंडांना आपल्या आजोबांच्या वाटेचा पुरावा कागदावर सापडतो. जेथे आली नाही तेथे साक्षीदार म्हातारे होत जातात आणि त्यांच्याबरोबर वाटेचा पुरावाही जातो.

वाट एका रात्रीत बुजत नाही. पहिल्या वर्षी नांगराचे एक तास बांधाच्या पलीकडे जाते. दुसऱ्या वर्षी त्या तासाच्या कडेला तुरीची एक ओळ उभी राहते. तिसऱ्या वर्षी बांधच हातभर सरकतो. मग गुरे शिरतात या सबबीवर बाभळीच्या फांद्यांची कुपाटी पडते, आणि सहासात वर्षांनी जेथून कडब्याने भरलेली गाडी सहज जात होती तेथून डोक्यावर भारा घेतलेली बाई अंग चोरून जाऊ लागते. दोन्ही बाजूंचे शेतकरी असे थोडे थोडे सरकले म्हणजे साडेसोळा फुटांची पाणंद मध्ये काटेरी गचपणाची एक फट होऊन राहते. यात कोणी दरोडा घातलेला नसतो, आणि कोणास एका दिवसाचा अपराध दाखविता येत नाही. म्हणून या दुखण्यावर वेळीच औषध होत नाही. पुढे जेव्हा एखाद्याचा ऊस तोडणीस येतो, टोळी फडात उतरते आणि ट्रॅक्टरची ट्रॉली बांधापर्यंत पोहोचत नाही, तेव्हाच वाट गेल्याचा साक्षात्कार होतो. तोडलेला ऊस उन्हात पडला की त्याचे वजन तासातासाला घटते, आणि ते घटू नये म्हणून तो शेतकरी शेजाऱ्याच्या उभ्या पिकातून वाट मागतो, त्याची मनधरणी करतो, प्रसंगी नुकसानभरपाई म्हणून पैसे मोजतो. ज्या वाटेवर त्याचा हक्क होता तिच्यासाठी त्याला याचना करावी लागते, यातील अपमान पैशाच्या तोट्याहून अधिक जिव्हारी लागतो.

अशा वेळी दाद मागण्याची जुनी आणि अद्याप जिवंत जागा म्हणजे मामलेदाराचे न्यायालय. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये, शेतजमिनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अथवा वहिवाटीच्या वाटेच्या उपभोगास कोणी अडथळा केला, तर तो दूर करण्याचा आणि पुन्हा अडथळा न करण्याविषयी मनाई करण्याचा अधिकार मामलेदारास, म्हणजे आजच्या तहसीलदारास, दिलेला आहे. हा कायदा शेतकऱ्याची अडचण ओळखून रचलेला दिसतो. दिवाणी दाव्याची गुंतागुंत टाळून, जागेवर जाऊन, शेजारपाजाऱ्यांचे जबाब घेऊन निकाल द्यावा, असा त्याचा रोख आहे. मात्र त्यात एक अट आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. पंचांकरवी समजूत घालण्यात, पाहुण्यारावळ्यांना मध्ये घालण्यात आणि ‘पुढच्या हंगामात बघू’ या आश्वासनात हे सहा महिने बघता बघता निघून जातात. तडजोडीची खटपट करू नये असे मी म्हणत नाही. गावात जन्म काढावयाचा तर ती केलीच पाहिजे. परंतु ती चालू असतानाच अडथळ्याची तारीख कागदावर राहील आणि मुदत हातची जाणार नाही, एवढी सावधगिरी बाळगावी.

स्थळपाहणीचा दिवस कसा असतो, ते येथे थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. तहसीलदार अथवा त्यांचे मंडळ अधिकारी, तलाठी, कोतवाल, दोन्ही पक्ष आणि पंच म्हणून आलेले चार शेजारी बांधावर जमतात. प्रथम पाहावयाची ती जमीन. नांगरलेल्या रानात जुन्या गाडीवाटेची माती, वर्षानुवर्षे चाकाखाली दबल्यामुळे, पहिली काही वर्षे ढेकूळ बांधून वेगळी दिसते. तेथे पीक शेजारच्या पट्टीपेक्षा खुजे राहते. आणि पाऊस पडला की त्याच पट्टीत पाणी साचते. बांधावर बोरीचे जुने झाड असेल, तर त्याच्या वाटेकडील फांद्या गाडीच्या उंचीपर्यंत छाटत आल्याच्या खुणा बुंध्यावर आढळतात. एका शेतात वाटेच्या तोंडाशी दोन दगड रोवलेले, तर दुसऱ्या शेतात ओढ्याच्या उतारावर चाक घसरू नये म्हणून टाकलेली दगडांची रांग, असे पुरावे जाणत्या नजरेस बोलके असतात. हे सर्व पंचनाम्यात उतरले तर निकालास भक्कम पाया मिळतो. आणि न उतरता नुसते ‘वाट आढळून आली नाही’ एवढेच लिहिले गेले, तर त्या एका ओळीने एखाद्या कुटुंबाची जमीन पडीक राहू शकते.

जेथे वाट पूर्वी नव्हतीच, किंवा असल्याचे सिद्ध करता येत नाही, तेथे संहितेचे कलम १४३ उपयोगी पडते. आपल्या नंबरात जाण्यास अन्य मार्ग नसलेल्या खातेदारास इतर नंबरांच्या हद्दीवरून वाट द्यावी की नाही, याची चौकशी तहसीलदार करतो आणि ती करताना शेतकऱ्यास शेतात पोहोचण्याची वाजवी सोय हवी, हे तत्त्व त्याने समोर ठेवावयाचे असते. ही वाट हद्दीवरून मिळते, कोणाच्या शेताच्या मधोमध नव्हे. आणि दोन्ही बाजूंच्या खातेदारांनी चार चार फूट सोडावेत असा साधारण प्रघात आहे. दोघांचा तोटा सारखा, आणि तिसऱ्याची अडचण दूर, असा हा न्याय आहे. आठ फुटांतून बैलगाडी जाते. ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि ऊस वाहणारी ट्रॉली यांना ती रुंदी अपुरी पडते. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने शेतरस्ता शक्यतो ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असे धोरण ठरविले. यातील रुंदीची गोष्ट लोकांच्या चटकन लक्षात आली. पण माझ्या मते तिच्याहून नोंदीची गोष्ट अधिक मोलाची आहे. जमीन विकली गेली, खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना वाट गाळली गेली, आणि नव्या मालकाने ‘मला काही माहीत नाही’ म्हणून कानांवर हात ठेवले, असे आजवर सर्रास घडत आले. सातबाऱ्यावर नोंद असली तर ही पळवाट उरत नाही.

याखेरीज तिसरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात असे तत्त्व आहे, की दुसऱ्याच्या जमिनीतून एखादी वाट कोणी शांततेने, उघडपणे, हक्काच्या नात्याने आणि अखंडपणे वीस वर्षे वापरली, तर तिच्यावर त्याचा हक्क जडतो. याच कायद्याचे दुसरे अंग मात्र फारसे कोणी सांगत नाही: असा जडलेला वाटेचा हक्क वीस वर्षे अजिबात वापरला नाही, तर तो संपुष्टात येतो. जी मुदत हक्क जन्मास घालते तीच तो नाहीसा करण्यासही पुरते. म्हणून ज्या वाटेवरचा आपला हक्क राखावयाचा ती, आज निकडीची नसली, तरी वर्षातून काही वेळा चालत राहणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. आमच्याकडील जुनी माणसे पेरणीपूर्वी एकदा आणि काढणीनंतर एकदा आडवाटेने मुद्दाम गाडी नेत, त्यामागे ही समज असावी.

आता ग्रामपंचायतीकडे वळू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील सार्वजनिक रस्ते, मोऱ्या, बांध आणि पूल यांचे बांधकाम, दुरुस्ती व देखभाल ही पंचायतीच्या कामांत घातली. आणि कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरील व मोकळ्या जागेवरील अडथळे आणि अतिक्रमणे काढून टाकण्याचा अधिकार तिच्या हाती दिला. पंचायतीने तो वापरला नाही, तर जिल्हाधिकारी स्वतः होऊन किंवा कोणाच्या अर्जावरून हात घालू शकतो. कागदोपत्री ही व्यवस्था परिपूर्ण आहे. व्यवहारात तिला पहिली आडकाठी येते ती कार्यकक्षेची. गावठाणातील गल्ली पंचायतीची. ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक मिळालेला रस्ता जिल्हा परिषदेकडचा. शिवारातील पाणंद महसुली नकाशावरची. आणि शेतातील वहिवाटीच्या वाटेचा वाद तहसीलदाराकडचा. रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण असे वर्गीकरण १९४३ साली नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरले, आणि त्यातील शेवटच्या पायरीलाही जी न पोहोचली, ती पाणंद बऱ्याच अंशी पोरकी राहिली. अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्यास पंचायत तहसीलीत पाठविते, तहसील जिल्हा परिषदेचे नाव सांगते, आणि परिषदेत त्या वाटेला क्रमांकच नसल्याचे निष्पन्न होते.

दुसरी आडकाठी भिडेची. सरपंच ज्या भावकीचा, त्याच भावकीतल्या माणसाने ओटा पुढे घेतलेला. ज्या सदस्याच्या मतावर ठराव होणार, त्याच्याच चुलत्याने पाणंदीत गोठा बांधलेला. पंचायतीला हे काम जड जाते यात नवल नाही, पण म्हणून तिला माफ करता येत नाही. अतिक्रमण काढण्याचा सर्वांत सोपा दिवस म्हणजे ते होऊ लागले तो दिवस. त्या दिवशी शब्दाने जे काम होते, त्यालाच दहा वर्षांनी मोजणी, नोटीस आणि पोलीस बंदोबस्त लागतो.

गावच्या वाटेचा विचार करताना एक गोष्ट मी कोणत्याही परिस्थितीत गाळणार नाही. या देशात वाट बंद करण्याचे साधन नेहमीच नांगर किंवा कुपाटी नव्हते. बहुसंख्य गावांत ते जातीचे होते. गावाच्या कोणत्या बाजूने कोणी यावे, कोणत्या आळीतून कोणी पायताण काढून जावे, कोणाची प्रेतयात्रा कोणत्या वाटेने न्यावी, याचे अलिखित नियम पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या डोक्यावर बसलेले होते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे आणि संस्था अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या झाल्या, आणि १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्याकडे चालत गेले, तेव्हा पाण्याच्या हक्काबरोबरच सार्वजनिक रस्त्यावरून ताठ मानेने जाण्याचा हक्कही बजावला गेला. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीने रस्त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा रूढ वहिवाटीचा हक्क नाकारणे हा गुन्हा ठरविला. तरीही स्मशानाकडे जाणारी वाट कोणाच्या शेतातून जाते म्हणून ती अडविली गेल्याच्या बातम्या आजही वाचावयास मिळतात. ज्या गावात मृताला स्मशानापर्यंत नेण्यासाठी पोलिसांचे संरक्षण मागावे लागते, त्या गावच्या पंचायतीने काँक्रीटच्या कितीही गल्ल्या बांधल्या, तरी तिने वाटांची व्यवस्था राखली असे मी मानणार नाही. दलित वस्तीची वाट आणि स्मशानाची वाट या दोन वाटा प्रत्येक पंचायतीच्या नोंदवहीत सर्वांत आधी असाव्यात.

इतर देशांत ही व्यवस्था कशी असते, याचे एकच उदाहरण पुरे. इंग्लंडात १८९४ च्या कायद्याने गावच्या पॅरिश कौन्सिलला आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांची दुरुस्ती करण्याचा अधिकार मिळाला. आणि १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीने सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करावा असे ठरले, तेव्हा त्या नकाशासाठी लागणारी गावोगावची माहिती बहुतांशी याच कौन्सिलांकडून गोळा झाली. ज्या वाटेची रेषा त्या नकाशावर आली, ती सार्वजनिक असल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. तेथील शेतकरीही आपल्या शेतकऱ्यासारखाच नांगर धरतो, आणि शेताच्या मधून गेलेली पायवाट नांगरावी लागते हे तेथील कायदाही मान्य करतो. परंतु १९९० च्या कायद्याप्रमाणे त्याने ती नांगरल्यापासून चौदा दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीची पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि शेताच्या कडेने जाणारी वाट तर नांगरताच येत नाही. शेतीची गरज आणि वाटसरूचा हक्क यांची सांगड इतक्या साध्या नियमाने घालता येते, हे आपल्याकडील कायदे करणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

वाटेची राखण झाली, हद्द ठरली, अतिक्रमण निघाले, म्हणजे मग दुरुस्तीचा प्रश्न येतो, आणि तेथे वाटेचा खरा वैरी समोर उभा राहतो. तो म्हणजे पाणी. पाणंद ही दोन्हीकडच्या शेतांपेक्षा सखल असते, कारण शतकभर चाकांनी आणि खुरांनी तिची माती सैल केली आणि पावसाने ती वाहून नेली. त्यामुळे दोन्ही शेतांचे पाणी तिच्यातच उतरते आणि पावसाळ्यात वाट आणि ओढा यांत भेद राहत नाही. काळ्या जमिनीत तर हाल विचारू नयेत. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यावर नुसता मुरूम पसरला, तर पहिल्या पावसात तो तिच्या पोटात गडप होतो. दरवर्षी मुरूम टाकून दरवर्षी चिखल तुडविणारी गावे मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कारण एकच: पाण्याला वाट न देता माणसाला वाट द्यावयाचा प्रयत्न. जाणता मुकादम प्रथम दोन्ही कडांना चर काढतो. त्या चरांतून निघालेली माती मध्ये टाकून वाटेची पाठ कडांहून वीतभर उंच करतो. चराला ओढ्याकडे सलग उतार देतो. जेथे शेताचे पाणी आडवे येते तेथे सिमेंटचे नळे टाकून मोरी बांधतो. काळ्या मातीवर आधी मोठ्या दगडांची भर घालून, तिच्या फटी लहान दगडांनी भरून, वर मुरूम पसरून रोलर फिरवितो. या क्रमात काही उलटसुलट झाले, की काम वाया गेले. नळ्याचे तोंड गाळाने आणि पालापाचोळ्याने तुंबले, तर उत्तम बांधलेली वाटही एका रात्रीत फुटते; म्हणून मे महिन्याच्या अखेरीस मोऱ्या उपसणे हे काम दिसण्यात क्षुद्र असले, तरी फार महत्त्वाचे आहे. त्याला चार माणसांची एका दिवसाची मजुरी लागते, आणि ते न केल्यास पुढच्या वर्षी अंदाजपत्रक करून रस्ता मंजूर करून आणावा लागतो.

कोकणात प्रश्नाचे रूप निराळे. तेथे घरे वाडीवाडीने डोंगरउतारावर विखुरलेली, आणि वाडीतून वाडीत जाणारी पाखाडी जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची. या पायऱ्यांना शेवाळ धरते, मुळे चिरे उचकटतात, आणि गडग्याचे दगड ढासळून वाटेत येतात. व्हाळावरचा साकव पूर्वी लाकडी असे आणि त्याची उभारणी वाडीतली माणसेच करीत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी किंवा काँक्रीटचा साकव आला आहे, पण त्याच्या दोन्ही टोकांची माती पुराने खचते आणि पूल जागेवर राहून वाट मात्र तुटते. पावसाळ्याचे चार महिने याच वाटेवरून मुले शाळेस जातात आणि आजाऱ्यास खुर्चीत बसवून खाली मोटाररस्त्यापर्यंत आणावे लागते. कोकणातल्या पंचायतीने पाखाडी ही सुशोभनाची बाब न समजता दवाखान्याच्या वाटेइतकी निकडीची बाब समजावी.

पैशाचे काय? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा जो प्रयोग केला, त्याला १९७७ साली कायद्याचे स्वरूप आले, आणि त्या कामांतून राज्यात मातीचे असंख्य रस्ते झाले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही हमी देशभर नेली. परंतु त्या योजनेत खर्चाचे प्रमाण मजुरीस साठ आणि साहित्य व कुशल कामास चाळीस असे बांधलेले असल्यामुळे, दगड, नळे आणि यंत्र यांवर अधिक खर्च मागणारी पाणंद तीत नीट बसत नसे. २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली ती ही अडचण, निरनिराळ्या निधींची सांगड घालून, दूर करण्यासाठी. योजना उपयुक्त आहे. पण तिच्यातून वाट बांधली जाते ती एकदा. पुढच्या दहा पावसाळ्यांत ती टिकविण्याचे काम कोणत्याही योजनेच्या शीर्षात बसत नाही, आणि ते गावालाच अंगावर घ्यावे लागते. ज्या गावी पाणंदीच्या दोन्ही काठांचे शेतकरी आपापल्या शेतापुढचा चर स्वतः काढतात, तेथे वाट टिकते. पंचायतीने एवढाच ठराव करून तो पाळून घेतला, तरी पुष्कळ झाले.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात ‘नमुना २३’ नावाची एक नोंदवही असते. पंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची ती नोंदवही. रस्त्याचे नाव, कोठून कोठे, लांबी, रुंदी, आणि त्याची सद्यःस्थिती एवढेच तिच्यात लिहावयाचे. एखाद्या रस्त्यास निधी मागावयाचा झाला, की पहिला प्रश्न येतो, ‘नमुना तेवीसला नोंद आहे काय?’ आणि नोंद नसेल तर काम तेथेच थांबते. ही वही अद्ययावत करावयाची, तर सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि चार वृद्ध शेतकरी यांनी गावनकाशा हाती घेऊन एकदा शिवारफेरी काढावी. नकाशावरची प्रत्येक तुटक रेषा जमिनीवर शोधावी. ती कोठे नांगरली गेली, कोठे कुपाटीत गेली, कोठे नव्या गटांच्या वाटणीत तिचा माग सुटला, ते लिहून काढावे. जमिनींच्या एकत्रीकरणापूर्वीचे सर्व्हे नंबर आणि आजचे गट यांचा मेळ घालावा. आणि नकाशावर नसलेल्या, पण वहिवाटीत असलेल्या वाटांची वेगळी यादी करून तीवर त्या वाटेने जाणाऱ्या सर्व खातेदारांच्या सह्या घ्याव्यात. मग ती यादी १ मे च्या ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करावा, एक प्रत तहसीलीत द्यावी, आणि ज्या हद्दी वादग्रस्त असतील त्यांच्या मोजणीचा अर्ज, रान मोकळे आहे आणि पेरणीस अवकाश आहे तोवर, भूमी अभिलेख कार्यालयात दाखल करावा. जून लागला की मोजणीदाराला बांधावर उभे राहावयास जागा मिळत नाही.